हेल्परचा हात कुठं ठेवायचा?

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातलं हे प्रकरण. गाड्यांना लागणारे पत्र्याचे सुटे भाग तिथं बनतात. बोटाच्या पेराएवढ्या क्लिपांपासून हातभर लांबीच्या ब्रॅकेटांपर्यंत सगळं पॉवर प्रेसवर दाबून निघतं. कारखान्याचं नाव लिहीत नाही, माणसांचीही नाही, आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील मुद्दाम बदलले आहेत. मी तिथं बाहेरचा प्रशिक्षक म्हणून गेलो तो दुसऱ्या फेरीला. पहिली फेरी दुसऱ्याच एका गृहस्थांनी घेतली होती आणि कागदावर ती झकास झाली होती. सगळे फॉर्म हसऱ्या चेहऱ्यांनी भरलेले.

मार्चचा पहिला आठवडा

राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ ची. त्यामुळे त्या तारखेला देशभरातल्या कारखान्यांत सुरक्षा दिन आणि पुढं आठवडाभर सप्ताह. सातपूर असो, अंबड असो की सिन्नर, गेटवर फ्लेक्स, छातीला बिल्ला, सगळ्यांनी मिळून शपथ आणि घोषवाक्यांची स्पर्धा. ‘सुरक्षा’ला ‘रक्षा’चं यमक जुळवून बक्षीस नेणारा माणूस प्रत्येक कारखान्यात ठरलेला असतो.

या कारखान्यातल्या एचआर मॅडम तरुण आणि कामाच्या. आदल्या वर्षीचं प्रशिक्षण त्यांनी पाहिलं होतं. चौऱ्याऐंशी स्लाइड, बंद दिवे आणि मागच्या दोन रांगांत उघड घोरणं. म्हणून यंदा त्यांनी ठरवलं, रटाळ नको. हसतखेळत शिकवणारे एक वक्ते बोलावले. कॅन्टीनच्या हॉलमध्ये दुपारी तीन तास. फर्स्ट शिफ्ट सुटलेली आणि सेकंड शिफ्ट यायची, अशा सांध्यावर. थर्ड शिफ्टवाल्यांनाही झोपेतून उठून यायला सांगितलेलं.

वक्ते वाईट नव्हते, हे आधीच सांगतो. आवाज, टायमिंग, नकला, सगळं पक्कं. पुणेरी पाट्यांवर नाशिककर हमखास हसतो हेही त्यांना ठाऊक होतं. होळीच्या दुसऱ्या दिवसाच्या रंगावरचा विनोद तेवढा पडला, कारण नाशिकचा रंग रंगपंचमीला, रहाडीत म्हणजे रंगाच्या पाण्यानं भरलेल्या जुन्या हौदात उडी मारून. पण तेवढ्यानं काय बिघडतंय. फुगे फोडण्याचा खेळ झाला, बायकोवरचे पाचसहा विनोद झाले. असेंब्लीतल्या एक ताई शेजारणीला म्हणाल्या, “बायकोचं झालं असेल तर टॉर्क रेंचचं सांगा म्हणावं.” हे पुढं मला त्यांनीच सांगितलं.

त्या तीन तासांतले दोन क्षण पुढच्या सगळ्या प्रकरणाला पुरून उरले.

पहिला असा. वक्ते म्हणाले, “घरी जाताना बोटं मोजून घ्या हो, नाहीतर बायको हिशोब मागेल!” मोठा हशा झाला. चौथ्या रांगेत एक ज्येष्ठ ऑपरेटर बसले होते. कित्येक वर्षांपूर्वी, दुसऱ्याच एका कारखान्यात, त्यांच्या डाव्या हाताचं करंगळीजवळचं बोट गेलं होतं. ते हसले नाहीत असं नाही, ओठ हलले. पण डावा हात पँटच्या खिशात गेला, आणि नंतर चहाचा कप आणि बिस्किट दोन्ही त्यांनी उजव्याच हातानं सांभाळलं. हे वक्त्यांना दिसलं नाही, मॅडमना दिसलं नाही. दिसलं ते शेजारच्या एकोणीस वर्षांच्या अप्रेंटिसला.

दुसरा क्षण तासाभरानं आला. स्लाइडवर पॉवर प्रेसचं चित्र होतं आणि खाली वाक्य, “दोन्ही हात बटणावर, तरच स्ट्रोक.” स्ट्रोक म्हणजे प्रेसचा एक दाब. मागून आवाज आला, “आणि हेल्परचा हात कुठं ठेवायचा?”

अख्खा हॉल फुटला. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागली. वक्तेही हसले, “हेल्परला चहा आणायला पाठवा,” म्हणाले आणि पुढच्या स्लाइडवर गेले. मॅडमनी वहीत लिहिलं, “सहभाग उत्तम.”

दिवसभरातला सर्वांत मोठा हशा तो होता, आणि तो वक्त्यांच्या विनोदाला नव्हता. ‘हा हशा कशाला?’ एवढं तिथल्या तिथं कुणी विचारलं असतं तर मला बोलावण्याची वेळ आली नसती.

आठवलं काय?

डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकानं १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या सांगितल्या. माणसांना कसं वाटलं, ती काय शिकली, कामावर गेल्यावर काय बदललं आणि त्यातून संस्थेच्या हाती काय लागलं. आपल्याकडे बहुतेक फॉर्म पहिल्याच पायरीवर बूट काढून बसतात. इथंही तेच झालं. “कार्यक्रम आवडला का?” हो. “वक्ते कसे वाटले?” हसरा चेहरा.

मॅडमचं मोठेपण असं, की त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. एप्रिलच्या मध्याला कॅन्टीनच्या रांगेत उभं राहून त्यांनी लोकांना सहज विचारलं, काय आठवतं? फुगे आठवत होते. पुणेरी पाटी शब्दशः आठवत होती. डायखाली, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याखाली, हात घालण्याआधी सेफ्टी ब्लॉक, म्हणजे प्रेस खाली येऊ न देणारा ठोकळा लावायचा, हे सांगितलं गेलं होतं हेच कुणाला आठवेना.

यात नवल नाही. रॉबर्ट कप्लान आणि ग्रेगरी पास्को यांनी १९७७ मध्ये विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. काहींना गंभीर व्याख्यान, काहींना विनोदी उदाहरणं घातलेलं. लगेच घेतलेल्या चाचणीत विनोदानं विशेष फरक पडला नाही. सहा आठवड्यांनी मात्र, ज्या मुद्द्याला विनोदी उदाहरणानं थेट धरून ठेवलं होतं तेवढा मुद्दा विद्यार्थ्यांना जास्त आठवला. म्हणजे विनोद खिळ्यासारखा आहे. ज्या फळीवर ठोकाल तीच फळी टिकते. आपल्या वक्त्यांनी खिळे उत्तम ठोकले होते, पण बायकोवर आणि पुण्यावर.

मे महिन्यात सात नंबरच्या प्रेसवर एका कंत्राटी ऑपरेटरच्या हातमोज्याचं टोक डायमध्ये सापडलं. मोज्याच्या तर्जनीचा शेंडा कापला गेला, बोट वाचलं. त्यानं तो मोजा कॅन्टीनमध्ये आणून सगळ्यांना दाखवला. “मशीननं नखं काढून दिली, पार्लरचे पैसे वाचले.” पुन्हा हशा. नियर मिसचा, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघाताचा, फॉर्म भरला नाही कुणीच. चार दिवसांनी तो मोजा स्क्रॅपच्या बिनमध्ये मॅडमना सापडला, आणि त्यांनी मला फोन केला.

कॅन्टीनमधले दोन दिवस

मी आधी दोन दिवस काहीच शिकवलं नाही. सेकंड शिफ्टच्या चहाला जाऊन बसलो. व्यवस्थापनाला हे आवडत नाही, कारण बिलात ‘चहा पिणे’ असं लिहिता येत नाही.

तिथं एक सेटर आहेत, निफाडकडचे. सगळे त्यांना मामा म्हणतात. डाय चढवणं, उतरवणं, शट हाइट म्हणजे प्रेस किती खाली यावा ते अंतर लावणं यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, आणि बोलण्यात तर नाहीच. तरुणपणी गावच्या जत्रेत भारुडात सोंगं घेतलेली. मी त्यांना सरळ विचारलं, “मामा, हा हेल्पर कोण?”

“कोण हेल्पर?” म्हणाले, आणि शेजारचे दोघं खाली बघून हसले.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारलं नाही. मामाच म्हणाले, “चला सर, हेल्परची गाठ घालून देतो.” सात नंबरवर नेलं. डाव्या बटणाच्या कड्यात पॅकिंगच्या खोक्याची एक फळकुटी, करवतीनं नीट मापात कापलेली, ठोकून बसवलेली होती. बटण कायम दाबलेलं. ऑपरेटर उजव्या हातानं दुसरं बटण दाबायचा, की स्ट्रोक. डावा हात मोकळा.

“हा हेल्पर,” मामा म्हणाले. “हजेरी नाही, पगार नाही, दिवाळीला बोनस मागत नाही. कंपनीचा सगळ्यात गुणी कामगार.”

दोन हातांच्या बटणामागचं तंत्र थोडं सांगायला हवं. दोन्ही बटणं एकमेकांपासून लांब असतात, म्हणजे प्रेस खाली येताना दोन्ही हात डायबाहेरच राहतात. नीट बनवलेल्या कंट्रोलमध्ये आणखी दोन अटी असतात. दोन्ही बटणं साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत बरोबर दाबली गेली पाहिजेत, आणि एक स्ट्रोक झाला की दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा मिळता कामा नये. या अटी असल्या तर फळकुटी ठोकून उपयोगच नाही, मशीन हलणार नाही. इथल्या जुन्या पॅनेलमध्ये त्या नव्हत्या. दोन बटणं होती, पण मशीनला त्यातलं एक सतत दाबलेलं चालत होतं.

आता फळकुटी का? आळस म्हणून, असं सुपरवायझर म्हणाले. मी ऑपरेटरशेजारी अर्धा तास उभा राहिलो. क्लिपचा ब्लँक, म्हणजे कापलेला कोरा पत्रा, डायमध्ये त्याला जागेवर धरणाऱ्या दोन लोकेटर पिनांवर बसतो. त्यातली एक पिन झिजली होती. ब्लँक पाचदहा स्ट्रोकला एकदा सरकायचा, भोक तिरकं पडायचं, आणि रिजेक्शन ऑपरेटरच्या नावावर. मग तो डाव्या हाताच्या दोन बोटांनी ब्लँक धरून ठेवायचा. चिमटा दिलेला होता, पण त्याचं तोंड त्या बारीक क्लिपला फार रुंद. पिन बदलायला डाय उतरवून टूलरूमला द्यावी लागते, म्हणजे मशीन बंद. समोर दर तासाच्या उत्पादनाचा बोर्ड. त्यावर लाल खडूनं आकडा आला की प्रॉडक्शनचे साहेब येऊन उभे राहतात.

म्हणजे स्लाइडवरचं वाक्य त्या हॉलमधल्या प्रत्येकाला आधीच माहीत होतं. ते पाळता येत नाही, हेही माहीत होतं, आणि कंपनीला ते माहीत नाही असं दोन्ही बाजूंनी धरून चालायचं, हेही. हशा त्यावर फुटला होता. मागच्या रांगेतल्या त्या माणसानं टवाळी केली नव्हती, नियर मिसचा फॉर्मच भरला होता. फक्त तोंडी, निनावी आणि तीनशे साक्षीदारांसमोर.

कागदावरचा फॉर्म का भरला नाही? मोजा कापलेल्या पोराला विचारलं. तो म्हणाला, “फॉर्मवर नाव लिहावं लागतं. नाव ठेकेदाराकडं जातं. उद्या गेटपास निघाला नाही तर?” विनोदाला गेटपास लागत नाही.

समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड रॉय यांचा १९५९ चा एक लेख मला इथं फार आठवला. ते स्वतः अमेरिकेतल्या एका कारखान्यात पंच प्रेसच्या जातीतल्याच यंत्रावर दोन महिने कामाला होते. तेच तेच काम, लांबलचक दिवस, लहानशा खोलीत मोजकी माणसं. दिवस कसा काढायचा? रोज ठरल्या वेळी एक जण दुसऱ्याच्या डब्यातलं केळं चोरून खायचा आणि दुसरा रोज तितकाच संतापायचा. त्या ‘केळ्याच्या वेळे’नं घड्याळाचे तुकडे पडायचे. मात्र एकदा थट्टा एकाच्या घरच्या अभिमानाच्या जागी लागली आणि ती खोली कित्येक दिवस मुकी झाली. आपल्याकडच्या वक्त्यांच्या बोटांच्या विनोदासारखंच. यंत्रावरच्या माणसाला थट्टा जेवणाइतकी लागते, पण घास कुठला काढायचा हे त्या खोलीतल्यालाच कळतं. बाहेरून आलेल्याला नाही. त्यात मीही आलो.

आधी पिन, मग पाठ

मी व्यवस्थापनापुढं एक अट ठेवली. सात नंबरची लोकेटर पिन बदलेपर्यंत मी तोंड उघडणार नाही. प्लान्ट हेड म्हणाले, “तुम्ही ट्रेनर आहात की मेंटेनन्स?” प्रश्न रास्त होता. पण झिजलेल्या पिनेसमोर उभं राहून “दोन्ही हात बटणावर” म्हणणाऱ्याला लोक हसणारच, आणि ते हसू योग्यच असणार.

गाडगेबाबांची आठवण काढल्याशिवाय मला इथं राहवत नाही. त्यांची एक धर्मशाळा आपल्या नाशिकातही आहे. गावात गेले की आधी खराटा, मग कीर्तन. आणि कीर्तनात उपदेश कमी, सवाल जास्त. लोकांकडूनच उत्तर काढायचे, लोक हसत हसत स्वतःच्या तोंडानं स्वतःची चूक कबूल करायचे. गाव झाडायच्या आधी कीर्तन केलं असतं तर तेवढंच ऐकलं असतं का लोकांनी? मला वाटत नाही.

पिन बदलायला अकरा दिवस लागले. रुंद चिमट्याचं तोंड टूलरूमनं तासून दिलं, त्याला एक दुपार.

मग जागा आणि वेळ बदलली. कॅन्टीन नको, प्रेससमोर उभं राहून. तीन तास नको, शिफ्ट सुरू होताना वीस मिनिटं, आणि त्या वीस मिनिटांचा आकडा तासाच्या बोर्डातून वजा. या वजाबाकीवर सगळ्यात जास्त वाद झाला. थर्ड शिफ्टला थर्ड शिफ्टच्याच वेळी, रात्री. मी दोन रात्री गेलो. त्रिमूर्ती चौकातून रिकाम्या रस्त्यानं जाताना वाटलं, इतकी वर्षं आपण या लोकांना झोपेतून उठवून सावधगिरी शिकवत आलो.

विनोदाचं काम मामांकडं दिलं. तमाशात वगाच्या आधी बतावणी असते, दोघांची सवालजवाबी. मामांना तो बाज अंगातच होता. त्यांनी ती फळकुटी सुतळीनं गळ्यात बांधली आणि उभे राहिले.

“रामराम मंडळी. मी हेल्पर.”

समोर ऑपरेटर, “तुला कामावर घेतलं कुणी?”

“पिन झिजली, तेव्हा आपोआप लागलो.”

“तुझं काम काय?”

“तुझा डावा हात मोकळा करायचा.”

“मोकळ्या हाताचं मी काय करू?”

“डायमध्ये घाल की!”

“आणि बोट गेलं तर?”

“तर तू रजेवर. मी आहेच की, दुसऱ्याच्या मशीनला.”

शेवटच्या वाक्यावर पहिल्या दिवशी कुणी हसलं नाही. मामा घाबरले, मला म्हणाले, “सर, पडलं ना हे.” मी म्हटलं, “मामा, एवढं एकच राहू द्या.”

सुपरवायझरना आम्ही तासाच्या बोर्डाचं सोंग दिलं. मधूनच येऊन “किती झाले? किती झाले?” ओरडायचं. ते मनापासून ओरडले. लोकांना इतकं बरं वाटलं, की मला बोर्डाबद्दल वेगळं काही बोलावंच लागलं नाही. आणि प्रत्येक हशाला एक कृती बांधलेली होती. “हेल्परला काढा” म्हटलं की ऑपरेटरनं स्वतः दोन्ही बटणं तपासायची. सेफ्टी ब्लॉकला मामांनी ‘जावई’ नाव दिलं, आल्याशिवाय पंगत सुरू करायची नाही. डायमध्ये हात जायच्या आधी ‘जावई बसला का?’ हा प्रश्न महिन्याभरात मला न सांगता शॉपमध्ये ऐकू यायला लागला. ते स्लाइडनं झालं नसतं, माझ्यानंही नाही.

हसायचं कशावर, हे मात्र आम्ही आधी बसून ठरवलं. मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार तऱ्हा मांडल्या. माणसं जोडणारा, स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि स्वतःलाच खाली पाडून घेणारा. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, “टोचायचं तर वर टोचायचं.” तेच ठरलं. फळकुटी, बोर्ड, साहेब आणि मी, या चौघांची कितीही टिंगल चालेल. कुणाचं शरीर, गाव, बोली, घरची माणसं यांची नाही. याची पाटी लावायची मॅडमची इच्छा होती. मी नको म्हटलं. विनोदाची नियमावली भिंतीवर लागली की पहिला विनोद तिच्यावरच होतो.

जिथं फसलं

पहिल्या आठवड्यात माझ्या एक गोष्ट लक्षात यायला उशीर झाला. मागं उभी असलेली दहाबारा पोरं सगळ्यांच्या अर्धा सेकंद नंतर हसत होती. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले कंत्राटी कामगार. शेजारच्याचं तोंड बघून हसत होते. जावयाची पंगत, बतावणीचे सवाल, यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं, आणि सगळ्यात धोक्याच्या प्रेसवर तेच होते. पेठ-सुरगाण्याकडची चारपाच पोरं तर हसतच नव्हती. त्यांच्या कोकणा बोलीच्या हेलाची आजवर इतकी नक्कल झाली होती, की हशा सुरू झाला की ती आधी आपल्यावर आहे का ते बघायची.

आम्ही मामांचा खेळ हिंदीत करून पाहिला. अगदी वाईट झाला. शेवटी त्या मुलांनाच सांगितलं, तुमचा तुम्ही करा. त्यांच्यातल्या एकानं फळकुटी हातात घेतली आणि म्हणाला, “हम ठेकेदार के आदमी हैं, हमको चोट नहीं लगती.” मामांपेक्षा मोठा हशा झाला. ठेकेदाराचे सुपरवायझर तिथंच उभे होते, त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. दोन दिवस मला धाकधूक, पोराचा गेटपास थांबतो की काय. मॅडमनी ठेकेदाराला आधीच फोन करून ठेवला होता. काय बोलल्या ते त्यांनी मला सांगितलं नाही.

आणि ते चौथ्या रांगेतले ज्येष्ठ ऑपरेटर. त्यांना शॉपमध्ये ‘नऊ’ म्हणायचे. सुपरवायझरसुद्धा, प्रेमानं. मी त्यांना विचारलं, काका, तुम्हाला चालतं का? म्हणाले, “इथं चालतं हो, मी पण हसतो. मागे गोदेकाठी गंगेवर भाजीबाजारात बायकोबरोबर होतो, तिथं एकानं लांबून ‘ओ नऊ’ अशी हाक मारली. तिनं विचारलं, नऊ म्हणजे काय? तिथं नाही हसू आलं.” मी सुपरवायझरना हे सांगितलं. त्यांनी म्हणणं थांबवलं. बाकीच्यांपैकी काहींनी थांबवलं, काही अजून म्हणतात. काकांनी आमच्या खेळात भाग घ्यावा असं मॅडमना फार वाटत होतं, अनुभवाचे बोल म्हणून. त्यांनी नकार दिला. मला तो नकार आवडला. माणसाच्या जखमेचा तक्ता करायचा नसतो.

साहेबांची बैठक

तीन महिन्यांनी आढावा झाला. प्लान्ट हेडच्या हातात नियर मिसचा तक्ता. आधीच्या वर्षभरात जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके फॉर्म, आणि आता दर आठवड्याला नवे. “म्हणजे ट्रेनिंगनंतर प्रकार वाढले की!” ते म्हणाले. त्यांचा सूर चेष्टेचा नव्हता.

मी त्यांना ॲमी एडमंडसन यांचं काम सांगितलं. नव्वदच्या दशकात त्या रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासत होत्या. चांगल्या चमूंत चुका कमी असतील अशी अपेक्षा, आणि हाती आलं उलटंच. चांगल्या चमूंत नोंदी जास्त. नीट पाहिल्यावर दिसलं, की तिथं माणसं चूक बोलून दाखवायला भीत नव्हती. इथंही मोजे पूर्वी कापले जातच होते, कॅन्टीनमधल्या हशात मुरत होते. आता फॉर्मवरून नाव काढलं होतं, प्रेस नंबर आणि वेळ एवढंच. आणि मॅडमनी एक छान गोष्ट केली होती. फॉर्मच्या तळाला एक ओळ, “यावर शॉपमध्ये काय विनोद चालू आहे?” सगळ्यात उपयोगाची माहिती त्या ओळीत येत होती.

खरा प्रश्न पॅनेलचा होता. फळकुटीला दाद न देणारे कंट्रोल सगळ्या जुन्या प्रेसना बसवायचे, की खेळ करत राहायचं? प्लान्ट हेड म्हणाले, “लोक आता सुधारलेत ना? मग खर्च कशाला?” प्रशिक्षकाला सगळ्यात गोड वाटणारं आणि सगळ्यात घातक वाक्य हेच. मी म्हटलं, “साहेब, मामा निवृत्त झाल्यावर?” त्यांनी थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. त्या तिमाहीत तीन प्रेसचे पॅनेल मंजूर झाले, बाकीचे पुढच्या बजेटमध्ये. सात नंबर त्या तिनांत नव्हता, कारण त्याची पिन नवी होती.

पुन्हा मार्च

पुढच्या मार्चअखेरीला वर्षाचा डिस्पॅच गळ्याशी आला होता. त्यात द्राक्षांचा हंगाम, दिंडोरी-निफाडकडच्या पोरांची हजेरी घसरलेली. चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाणाऱ्यांचे रजेचे अर्जही येऊन पडलेले. उरलेल्यांना ओव्हरटाइम. रात्री पावणेअकराला मामांचा फोन आला.

“सर, पोरं म्हणतायत हेल्पर गावाहून परत आलाय.”

“कुठल्या मशीनला?”

“ते कुणी सांगत नाही. पण सात नंबरपाशी गेलो की हसतात.”

“मग?”

“सुपरवायझर गेलेत बघायला.” मागं प्रेसचे ठोके ऐकू येत होते. मामा जरा थांबले. “थांबा. सातचा ठोका बंद झाला.”